शिकता शिकता कमाई

पहाटे सायकलवरून घरोघरी वर्तमानपत्रे टाकणारा तरुण तुम्ही पाहिला असेल. संध्याकाळी औषधांच्या दुकानात काम करणारा मुलगा किंवा गल्लीतल्या मुलांची शिकवणी घेणारी ताईही पाहिली असेल. यांपैकी बरेच जण कॉलेजात शिकत असतात. रोज काही तासच करायच्या अशा कामाला अर्धवेळ काम म्हणतात.

या कामाकडे सगळे विद्यार्थी एकाच नजरेने पाहत नाहीत. कोणाला फी भरायची असते, म्हणून काम करावेच लागते. कोणाला खर्चासाठी घरी पैसे मागायला संकोच वाटतो. काहींना मात्र कामाचीच लाज वाटते. गंमत अशी की, ही लाजही निवडक असते! शिकवणी घेणारा ते अभिमानाने सांगतो. हॉटेलात कपबशा उचलणारा मित्रांपासून लपवतो. दोघेही सारखेच तास राबतात. फरक असतो तो पाहणाऱ्यांच्या मनात. 'लोक काय म्हणतील?' ही भीती तर कधी कधी मुलांपेक्षा आईवडिलांनाच जास्त असते.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम शाळेत असतानाची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली. वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून खाली टाकले जात. ते गोळा करण्याचे काम लहानग्या कलामांना मिळाले. त्या पहिल्या कमाईचा अभिमान त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे.

महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तर कष्टालाच शिक्षणात स्थान दिले. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत. त्यांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिनेही दिले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. तेथे 'कमवा आणि शिका' या पद्धतीने मुले शेतात राबत, बांधकामावर घमेली उचलत आणि वर्गात बसून शिकत. सगळ्यांच्याच हाताला माती लागलेली. मग कोण कोणाला हसणार?

आजही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात या नावाची योजना आहे. विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात ठरलेले तास काम करतात आणि तासांप्रमाणे मोबदला मिळवतात. शिकण्याच्या जागीच काम असल्याने जाण्यायेण्याचा वेळ वाचतो.

बाहेरच्या कामात मात्र वेळेचीच खरी अडचण असते. रात्री उशिरापर्यंत उभे राहून काम केलेला विद्यार्थी सकाळी वर्गात पेंगतो. हजेरी कमी पडते, वह्या अपुऱ्या राहतात. म्हणून जाणते विद्यार्थी काम धरण्यापूर्वी पगाराइतकीच दुसरी एक गोष्ट विचारून घेतात : परीक्षेच्या दिवसांत सुट्टी मिळेल का?