सौरडागांच्या आकड्यावर किती भिस्त ठेवायची?

हौशी रेडिओवाल्यांमध्ये एक ठोकताळा वर्षानुवर्षे चालत आला आहे: सूर्यावर डाग वाढले की शॉर्टवेव्हची चंगळ, आणि डाग आटले की मध्यम आणि दीर्घ लहरींचे दिवस. शॉर्टवेव्हच्या बाबतीत तो बऱ्यापैकी खरा आहे. सूर्याचे अतिनील किरण जितके जोरदार, तितके डोक्यावरचे आयनांबर दाट, आणि तितक्या वरच्या कंप्रतेच्या लहरी तिथून परतून येतात. पण पट्ट्याच्या खालच्या टोकाला, साधारण २ मेगाहर्ट्झच्या खाली, हाच ठोकताळा माणसाला गाफील ठेवतो. तिथे सूर्यावर किती डाग आहेत यापेक्षा पृथ्वीचे चुंबकत्व त्या रात्री किती शांत आहे आणि लहर कोणत्या वाटेने येते आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते. डागांचा आकडा सोपा असतो, रोज मिळतो, म्हणून लोक तो धरून बसतात. पण ज्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, तो प्रश्न त्या आकड्याला विचारलेलाच नसतो.

मुळात कमी कंप्रतेच्या लहरी लांब जातात त्या रात्री. दिवसा जिल्ह्याबाहेर न जाणारे मध्यम लहरींचे केंद्र अंधार पडल्यावर हजार किलोमीटरवर लागते, हे ट्रान्झिस्टर वापरलेल्या कोणालाही ठाऊक आहे. मार्कोनीला हे फेब्रुवारी १९०२ मध्ये ‘फिलाडेल्फिया’ जहाजावर कळले. इंग्लंडपासून दूर जाताना पोल्धूच्या केंद्राचे संकेत दिवसा ७०० मैलांवर संपत आणि रात्री २,००० मैलांपलीकडेही पोहोचत. उजेडाने प्रक्षेपण करणाऱ्या तारांवरच काही परिणाम होत असावा, असा त्याचा तर्क होता. तो चुकला. खरे कारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर आहे. तिथल्या ‘डी’ थरात सूर्यप्रकाशाने इलेक्ट्रॉन सुटे होतात, लहर आली की तिच्या तालावर हलू लागतात आणि हवेच्या रेणूंवर आपटतात. त्या उंचीवर हवा अजून पुरेशी दाट असल्याने लहरीची शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते, आणि लहर जितकी सावकाश डोलणारी, तितके हे नुकसान मोठे. सूर्य मावळला की हे इलेक्ट्रॉन झपाट्याने पुन्हा जोडले जातात, थर विरतो, आणि लहर त्याच्या वरच्या थरापर्यंत जाऊन सुखरूप परत येते. म्हणजे मध्यम लहरींचा खरा वैरी रोजचे ऊन आहे, आणि ऊन डाग असोत वा नसोत पडतेच. रात्री सूर्य आड असताना त्याच्या डागांनी आपले काय बिघडावे? बिघडते तेव्हाच, जेव्हा सूर्यावरून निघालेले कण अंधाऱ्या बाजूच्या आकाशातही ‘डी’ थर उभा करतात.

हे काम भूचुंबकीय वादळे करतात. सौरवाऱ्याचा झोत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धडकला की ध्रुवांभोवतीच्या कड्यात इलेक्ट्रॉनांचा पाऊस पडतो. त्याचा डोळ्यांना दिसणारा भाग म्हणजे अरोरा. न दिसणारा भाग खाली उतरून मध्यम लहरी गिळून टाकतो. उत्तर फिनलंडच्या लॅपलँडमध्ये हिवाळ्याच्या लांबलचक रात्री हौशी श्रोते जातात, जंगलातून जमिनीपासून थोड्या उंचीवर किलोमीटरभर लांबीची तार सरळ अमेरिकेच्या दिशेने ओढतात आणि तिकडच्या लहान गावांतली स्थानिक केंद्रे शोधतात. चुंबकीय क्षेत्र शांत असेल तर ध्रुवाजवळून येणारी वाट खुली राहते. ते खवळले की अरोराचे कडे पसरून त्या वाटेवर आडवे येते, उत्तर अमेरिका बंद होते आणि दक्षिणेकडची केंद्रे तेवढी उरतात. एकाच तारेवर, एकाच आठवड्यात, डागांची संख्या जवळजवळ तीच असताना असा फरक पडतो.

१९२१ हे वर्ष याचा चांगला पुरावा आहे. त्या वर्षी मे महिन्यात विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या भूचुंबकीय वादळांपैकी एक झाले. स्वीडनमधल्या कार्ल्सटाडचे टेलिफोन एक्स्चेंज त्यात जळाले. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकी हौशी रेडिओ संघटनेने पॉल गॉडली यांना स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रोसनला धाडले. ओल्या थंडीत तंबू ठोकून, सुमारे ४०० मीटर लांबीची तार लावून त्यांनी कनेटिकटमधल्या ग्रिनिचचे हौशी केंद्र ऐकले, आणि पुढच्या काही रात्रींत अमेरिकेची दोन डझनांहून अधिक हौशी केंद्रे. तरंगलांबी होती सुमारे २३० मीटर, म्हणजे आजच्या मध्यम लहरींच्या पट्ट्यातली. ते सौरचक्राच्या तळाचे वर्ष नव्हते. तळ १९२३ मध्ये आला. वर्षाला ‘चांगले’ किंवा ‘वाईट’ असा शिक्का मारून भागत नाही, रात्र पाहावी लागते.

यावर जुने जाणते लगेच म्हणतील की आमचा अनुभव वेगळा आहे; १६० मीटर पट्ट्यावरची सर्वांत दूरची केंद्रे आम्हाला डाग नसलेल्या वर्षांतच मिळाली. अनुभव खोटा नाही, कारण मात्र दुसरे आहे. डाग कमी असताना मोठे उद्रेक कमी होतात, उद्रेक कमी म्हणून वादळे कमी, म्हणून शांत रात्री जास्त. डाग आणि वादळे बहुधा जोडीने वावरतात, पण ही जोडी तुटते तेव्हा खरे काय ते कळते. २००८ मध्ये ती तुटली. वर्षातले बहुतेक दिवस सूर्याचा चेहरा निष्कलंक होता, तरी त्याच्या प्रभामंडलातल्या विवरांमधून, म्हणजे कोरोनल होल्समधून, वेगवान वाऱ्याचे झोत सुटत होते. सूर्य स्वतःभोवती फिरत साधारण २७ दिवसांनी तेच विवर पुन्हा पृथ्वीसमोर आणतो, त्यामुळे चुंबकीय खळबळही त्याच ठेक्यात परतत राहिली. पुढच्या वर्षी झोत मंदावले आणि मगच खरी शांतता आली. दोन्ही वर्षे डागांच्या तक्त्यात जवळपास सारखीच कोरी दिसतात. शिवाय आता नुसत्या आठवणींवर विसंबायची गरज राहिलेली नाही. पल्सारवरच्या कामासाठी १९९३ चे नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ जो टेलर हे हौशी रेडिओवालेही आहेत. त्यांनी २००८ मध्ये ‘विस्पर’ ही पद्धत आणली. त्यात अगदी क्षीण संकेत संगणक आपोआप टिपतो, आणि कोणत्या मिनिटाला कोण कुठे ऐकू आले याची नोंद राहते. ४७५ किलोहर्ट्झच्या आसपासचा आणि १३६ किलोहर्ट्झचा या हौशी पट्ट्यांवर आंतरराष्ट्रीय नियमांनी १ वॅटच्या आसपासच प्रभावी शक्ती वापरता येते. तिथे माणसाच्या कानापेक्षा अशा नोंदींचाच आधार मोठा.

आणखी खाली, ३० किलोहर्ट्झच्या आत उतरले की ठोकताळा चक्क उलटा होतो. इथल्या लहरी इतक्या लांब असतात की दिवसाही ‘डी’ थरात शिरून हरवत नाहीत, त्याच्या तळावरून परावर्तित होत जमीन आणि आकाश यांच्यामधून धावतात. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम इथे नौदलाच्या ‘आयएनएस कट्टबोम्मन’ तळावरून पाण्याखालच्या पाणबुड्यांसाठी १८.२ किलोहर्ट्झवर प्रक्षेपण होते. ही कंप्रता लॅपटॉपच्या साउंड कार्डाच्या आवाक्यात येते. लाकडी चौकटीवर तांब्याच्या तारेचे वेढे घालून केलेला अँटेना आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर जोडला की पडद्यावर त्या संकेताच्या बळाची रेघ दिवसभर उमटत राहते. पहाटे आणि संध्याकाळी ती खड्ड्यात जाते, दुपारी सपाट चालते. मग एखाद्या दुपारी ती काही मिनिटांत ताठ वर चढते आणि तासाभरात हळूहळू उतरते. सौरज्वालेचे क्ष-किरण आठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचून ‘डी’ थराचा तळ खाली आणि अधिक धारदार करतात, त्याची ही खूण. ज्या ज्वालेने शॉर्टवेव्ह मुकी केली, तिनेच बहुतेक वेळा या लहरीला बळ दिलेले असते. सूर्य खवळला म्हणजे खालच्या लहरींचा निकाल लागला, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही रेघ एकदा पाहावी.

आपल्याकडचा वाचक विचारेल की लॅपलँडचा हिशेब महाराष्ट्रात कशाला? आक्षेप रास्त आहे. रेडिओची बहुतेक पुस्तके उत्तर युरोप-अमेरिकेत लिहिली गेली आणि त्यांतले नियम तिथल्या अक्षांशांचे आहेत. मुंबईहून आखाती देश, पूर्व आफ्रिका किंवा श्रीलंका ऐकताना लहर अरोराच्या कड्याच्या जवळपासही फिरकत नाही. तिथे लहानसहान वादळाने सहसा काही अडत नाही. मात्र न्यूयॉर्कहून मुंबईला येणारी सर्वांत जवळची वाट उत्तरेला सुमारे ६५ अक्षांशापर्यंत चढते आणि थेट त्या कड्याखालून जाते. त्या एका दिशेसाठी लॅपलँडचाच हिशेब लागू. एरवी आपल्याला सूर्यापेक्षा विजा अधिक छळतात. वळवाच्या दिवसांत मध्यम लहरींवर जो कडकडाट चालतो त्यापुढे बाकी सगळे फिके, आणि त्यात भर एलईडी दिव्यांची आणि चार्जरांची. शहरी गोंगाटाची ही कटकट नवी नाही. १ आणि २ सप्टेंबर १८५९ च्या प्रसिद्ध सौरवादळात चुंबकीय क्षेत्राची सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण ज्या कुलाबा वेधशाळेने टिपली, तिचे चुंबकीय मोजमाप पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून अलिबागला हलवावे लागले. तिथल्या नोंदी १९०४ पासून सुरू आहेत. गोंगाट असला तरी मूळ मुद्दा बदलत नाही, फक्त तो ऐकायला गावाबाहेर जावे लागते.

सध्याच्या पंचविसाव्या चक्राने डिसेंबर २०१९ मध्ये सुरुवात करून २०२४ च्या शेवटाकडे माथा गाठला. त्याच वर्षी १० मेच्या वादळात लडाखमधल्या हानलेहून अरोराची छायाचित्रे निघाली. आता डाग उतरणीला लागतील, आणि पुढचा तळ २०३० च्या आसपास अपेक्षित आहे. म्हणून मधली वर्षे पायरीपायरीने शांत होत जातील असे समजून कोणी अमेरिकेच्या दिशेने तार ओढून बसणार असेल, तर त्याने आधी उतरणीचा इतिहास पाहावा: विवरांचे वेगवान झोत याच काळात सर्वाधिक सतावतात. चुंबकीय खळबळीचा, दर तीन तासांनी निघणारा, ० ते ९ मध्ये मोजला जाणारा ‘के’ निर्देशांक सलग दोन-तीन रात्री ० किंवा १ वर राहिला, तर उत्तरेची वाट पहाटे तपासून बघण्यासारखी असते. आणि मागची खळबळ होऊन २७ दिवस भरत आले असतील, तर नैर्ऋत्येकडचे आफ्रिकेचे स्टेशन लावलेले बरे.