दह्याची निवळ आणि डब्यांतील भुकटी

श्रीखंडासाठीं दही फडक्यांत बांधून खुंटीला टांगलें, म्हणजे खालच्या पातेल्यांत हिरवट-पिवळें पाणी ठिबकूं लागतें. सकाळीं चक्का ताटांत जातो आणि तें पाणी बहुधा मोरींत. संस्कृत वैद्यकग्रंथांत या पाण्याला ‘मस्तु’ असें नांव असून तें हलकें व तहान भागविणारें मानलेलें आहे. स्वित्झर्लंडमधील गाइस या गांवींही १७४९ पासून पुढें निवळ पिऊन प्रकृति सुधारण्यासाठीं दूरदूरचे लोक जात असत. आज त्याच जातीच्या पाण्यांतून काढलेली भुकटी ‘व्हे प्रोटीन’ या नांवानें भारी किंमतीस विकली जाते. तेव्हां घरांतील निवळ फेंकून डबा विकत आणणें हा वेडेपणा तर नव्हे, अशी शंका सुज्ञ गृहिणीस येणें स्वाभाविक आहे.

गाईच्या दुधांतील प्रथिनांपैकीं सुमारें ८० टक्के केसीन असतें. दूध साकळतें तें त्याच्यामुळें. उरलेलीं सुमारें २० टक्के प्रथिनें पाण्यांत विरघळलेलीं राहतात. दहा लिटर दुधाचें साधारण एक किलो चीज होतें व नऊ लिटर निवळ उरते. पाश्चात्य देशांत ती पुष्कळ काळ डुकरांना घालीत, नाहीं तर ओढ्यांत सोडीत. आणि ओढ्यांतील मासे गुदमरून मरत, कारण ती कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून ती गाळण्याची युक्ति साधली आणि शेंकडा ८० किंवा अधिक प्रथिनांची भुकटी होऊं लागली.

या प्रथिनांचा गुण खरा आहे. शरीराला बाहेरूनच मिळवावीं लागणारीं सर्व अमिनो आम्लें त्यांत आहेत. त्यांतील ल्यूसीन, जें स्नायूंच्या घडणीस चालना देतें, तें जवळजवळ दहावा हिस्सा असतें. शिवाय केसीन पोटांतील आम्लानें घट्ट होऊन सावकाश पचतें, तर हीं प्रथिनें पातळच राहून लवकर रक्तांत उतरतात. फ्रान्समधील संशोधकांनीं १९९७ सालीं हा भेद मोजून दाखविला. साठीनंतर स्नायु झडूं लागतात. दांत गेलेल्या, अन्नावरची वासना उडालेल्या वृद्धास २५-३० ग्रॅम भुकटींतून सुमारें २० ग्रॅम प्रथिन मिळतें, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र जोडीला वजन उचलण्यासारखा व्यायाम हवा. नुसती भुकटी पिऊन आरामखुर्चींत बसणाऱ्याचे दंड भरत नाहींत.

आतां गृहिणीच्या शंकेचें उत्तर. घरीं दूध चांगलें उकळूनच विरजतात. त्या उष्णतेनें निवळींतील मुख्य प्रथिनाची घडी उलगडते व तें केसीनला चिकटून बसतें. म्हणून तें बरेंचसें चक्क्यांतच राहतें. श्रीखंड खाणाऱ्याच्या पोटांत तें जातेंच, साखरेचा भार सोसून! खालच्या पाण्यांत प्रथिन अगदीं थोडें. पण कॅल्शियम, रिबोफ्लेविन हें जीवनसत्त्व व दुग्धशर्करा पुष्कळ असते. तेव्हां डब्याची बरोबरी तें करीत नसलें, तरी मोरींत ओतण्याजोगें खास नाहीं. कणीक त्यांत भिजवावी, कढींत किंवा आमटींत घालावें.

प्रौढ माणसास दर किलो वजनामागें रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरे, म्हणजे ६० किलोच्या माणसास ५० ग्रॅम. वरणभात, उसळ, दही, अंडीं, मासे यांतून तें मिळूं शकतें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं प्रथिनांच्या भुकट्या टाळण्याचाच सल्ला दिला. तरुणांची डब्यांवरील श्रद्धा पाहतां तो योग्यच म्हटला पाहिजे. वर सांगितलेल्या वृद्धाची गोष्ट निराळी, व तीही वैद्याच्या विचारानें. ज्याचें मूत्रपिंड दुखावलेलें आहे, त्यानें डॉक्टरांस विचारल्यावांचून ही भुकटी घेऊंच नये. दुधाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यास ती वर्ज्यच; आणि दूध पिऊन ज्यांचें पोट फुगतें, त्यांस साध्या भुकटींत उरलेली दुग्धशर्कराही बाधूं शकते.