समोरच्या वकिलाची फी

घटस्फोटाचा दावा. नवरा-बायको आमनेसामने, दोघांचे वकील वेगळे. आणि न्यायाधीश नवऱ्याला सांगतात, हिच्या वकिलाची फीही तुम्हीच भरा. म्हणजे उलटतपासणीत जे वकीलसाहेब आपल्याला घाम फोडणार, त्यांचं बिल आपल्याच खिशातून!

१९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४मध्ये हे खरोखरच लिहिलेलं आहे. स्वतःचा निर्वाह आणि दाव्याचा खर्च भागेल एवढं उत्पन्न ज्याच्याकडे नाही, त्याला दावा चालू असेपर्यंत जोडीदाराने दोन्ही द्यायचं. तेही चूक कुणाची याचा निवाडा होण्याआधीच.

याचं मूळ इंग्लंडात. तिथे एके काळी लग्न लागताच बायकोची बहुतेक चीजवस्तू नवऱ्याच्या ताब्यात जाई. मग तिने वकील द्यावा कशाच्या जोरावर? म्हणून तिथली धर्मन्यायालयं तिचा खर्च नवऱ्यावर घालत. १८८२च्या कायद्याने तिथल्या विवाहितेला स्वतःच्या मालमत्तेवर हक्क मिळाला. पण तोवर पोटगीची तरतूद १८६९च्या घटस्फोट कायद्यातून भारतातल्या ख्रिस्ती जोडप्यांपर्यंत पोचलीही होती.

१९५५मध्ये तिने आणखी एक वळण घेतलं. कलमात शब्द आले ‘पत्नी किंवा पती’. कमावत्या बायकोकडून बेकार नवराही वकिलाचा खर्च मागू शकतो! गंमत म्हणजे एकच वर्ष आधीच्या विशेष विवाह कायद्यात ही मागणी फक्त बायकोला करता येते. लग्न कुठल्या कायद्याखाली लावलं, यावर नवऱ्याचा हा हक्क ठरतो. मला तरी यात तर्क दिसत नाही.

खरी कुस्ती होते ती उत्पन्नाच्या आकड्यांवर. पोटगीचा अर्ज आला की भलेभले पगारदार कागदोपत्री कफल्लक होतात. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेल्या अशाच एका वादात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२०मध्ये, न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांच्या पीठाने, दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असं ठरवून दिलं. पोटगीही अर्जाच्या तारखेपासून. एरवी तारखांवर तारखा पडण्यात ज्याचा फायदा, त्याला हे चांगलंच बोचणारं.

आणि यावर कडी करतो १९८४चा कौटुंबिक न्यायालय कायदा. त्याचं कलम १३ म्हणतं, इथे वकील हा पक्षकाराचा हक्कच नाही. तो न्यायालयाच्या परवानगीने द्यायचा.