सामुदायिक पर्यावरण निरीक्षण संघटना (ग्वातेमाला)

सामुदायिक पर्यावरण निरीक्षण संघटना ही मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला देशाच्या सान मार्कोस प्रांतात कार्य करणारी स्थानिक रहिवाशांची संघटना होय. 'आसोसियासियोन दे मोनितोरेओ आंबिएन्ताल कोमुनितारियो' या स्पॅनिश नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'आमाक' या नावाने ओळखली जाते. मार्लिन या सोन्याच्या खाणीचा परिसरातील नद्या व भूजल यांवर काय परिणाम होतो, याची नियमित तपासणी करणे हा तिचा मुख्य उद्देश होता.

पार्श्वभूमी

मार्लिन खाण सान मिगेल इश्ताउआकान व सिपाकापा या दोन नगरपालिकांच्या हद्दीत होती. हा डोंगराळ प्रदेश असून तेथे माम व सिपाकापेन्स या माया समाजांची वस्ती आहे. 2004 मध्ये जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने या प्रकल्पासाठी 4.5 कोटी डॉलरचे कर्ज दिले. खाण प्रथम ग्लॅमिस गोल्ड या कंपनीची होती. 2006 पासून ती कॅनडाच्या गोल्डकॉर्प कंपनीकडे गेली. प्रत्यक्ष उत्पादन 2005 च्या अखेरीस सुरू झाले. तत्पूर्वी, 18 जून 2005 रोजी सिपाकापा येथे लोकसभा भरवून जनमत घेण्यात आले. त्यात 13 पैकी 11 गावांनी खाणीस विरोध नोंदविला. या विरोधात पाण्याविषयीची चिंता प्रमुख होती.

पाण्यास असलेला धोका

या खाणीत सोने व चांदी वेगळे करण्यासाठी दळलेल्या खनिजावर सायनाइडच्या द्रावणाची प्रक्रिया केली जात असे. उरलेला गाळ धरणासारखा बांध घालून साठविला जाई. अशा साठ्यातून झिरपणारे पाणी हा पहिला धोका. दुसरा धोका अधिक संथ असतो. जमिनीखालचा गंधकयुक्त खडक उकरून उघड्यावर आला, की हवा व पाणी यांच्या संयोगाने आम्ल तयार होते आणि ते खडकातील धातू विरघळवून ओढ्यात नेते. ही क्रिया खाण बंद झाल्यानंतरही अनेक वर्षे चालू राहू शकते. खाणीच्या परिसरातील पाणी त्साला व किविचिल या नद्यांवाटे कुइल्को नदीस मिळते. कुइल्को पुढे मेक्सिकोत जाऊन ग्रिहाल्वा नदीच्या खोऱ्यात सामील होते.

स्थापना व कार्यपद्धती

खाण सुरू होण्याच्या सुमारास, कंपनी व आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ यांच्या पाठबळाने आमाकची स्थापना झाली. गावांचे प्रतिनिधी तांत्रिक सल्लागारांच्या मदतीने ठराविक ठिकाणी पाण्याचे नमुने घेत, ते प्रयोगशाळेत तपासले जात आणि निष्कर्ष दर तिमाहीस प्रसिद्ध केले जात.

अशा तपासणीची रीत वरवर सोपी वाटते, पण तिच्यात काही कसोट्या असतात. खाणीच्या वरच्या अंगास एक आणि खालच्या अंगास एक, असे किमान दोन नमुने हवेत. त्यांतील फरकच खाणीच्या परिणामाकडे बोट दाखवू शकतो. धातूंच्या तपासणीसाठी घेतलेल्या पाण्यात थोडे आम्ल घालावे लागते. सायनाइडसाठी घेतलेल्या पाण्यात मात्र अल्क घालावे लागते, अन्यथा सायनाइड वायुरूपाने निघून जाते. नमुना कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची लेखी नोंद ठेवावी लागते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे खाण सुरू होण्यापूर्वीची आकडेवारी. ज्वालामुखीजन्य खडकांच्या प्रदेशात भूजलात आर्सेनिक निसर्गतःही आढळते. आधीची नोंद नसेल, तर नैसर्गिक अंश कोणता व खाणीमुळे वाढलेला कोणता, हे सांगणे कठीण होते.

स्वायत्ततेचा प्रश्न

आमाकच्या अहवालांत खाणीमुळे पाणी दूषित झाल्याचे आढळले नाही. कंपनीने हे अहवाल आपल्या बाजूने मांडले. तथापि स्थापनेमागे कंपनीचा हात असल्यामुळे खाणविरोधी गावकऱ्यांनी त्यांवर विश्वास ठेवला नाही. सान मार्कोसच्या कॅथलिक धर्मप्रांताच्या 'कोपाए' या शांतता व पर्यावरणविषयक आयोगाने स्वतःचे निरीक्षण सुरू केले. त्याच्या अहवालांनी खाणीच्या खालच्या अंगास काही धातूंचे प्रमाण वाढल्याचे नोंदविले. अशा रीतीने एकाच खोऱ्यातील पाण्याविषयी दोन संघटनांची परस्परविरोधी निष्कर्षपत्रे लोकांसमोर आली.

2010 मध्ये या वादात आणखी माहितीची भर पडली. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी 23 व्यक्तींच्या रक्ताची व लघवीची तपासणी केली. खाणीजवळ राहणाऱ्यांच्या लघवीत पारा, तांबे, आर्सेनिक व जस्त यांचे प्रमाण दूरच्या रहिवाशांपेक्षा अधिक आढळले. मात्र ते प्रमाण अपायकारक आहे असे निश्चितपणे म्हणता येत नाही, असेही संशोधकांनी नमूद केले. त्याच वर्षी 20 मे रोजी आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाने 18 माया गावांच्या हितासाठी खाणकाम स्थगित करण्यास ग्वातेमाला सरकारला सांगितले. डिसेंबर 2011 मध्ये आयोगाने हा आदेश बदलला. स्थगितीची अट वगळून या गावांना पिण्यायोग्य पाणी मिळावे, यावर त्यात भर देण्यात आला. खाण या काळात चालूच राहिली आणि 2017 मध्ये बंद झाली.

महत्त्व

लोकांच्या सहभागाने होणाऱ्या पर्यावरण निरीक्षणाच्या अभ्यासात आमाकचे उदाहरण उपयुक्त ठरते. नमुना शास्त्रशुद्ध घेतला आणि प्रयोगशाळा चांगली असली, तरी निरीक्षकांची निवड कोणी केली आणि खर्च कोणी दिला, या प्रश्नांची उत्तरे सर्व पक्षांना मान्य नसतील, तर आकडे खरे असूनही ते वाद मिटवू शकत नाहीत. म्हणून अशा निरीक्षणाची रचना, निधीची व्यवस्था आणि पूर्वस्थितीची नोंद या तिन्ही गोष्टी खाणीस परवानगी देण्यापूर्वीच ठरणे आवश्यक असते. खाण बंद झाल्यावरही आम्लनिर्मितीचा धोका उरत असल्याने, हे काम खाणीच्या आयुष्यापेक्षा अधिक काळ चालावे लागते.