बार्शी लाइट रेल्वे, प्लायवर

मंडळी, रेल्वे मॉडेलिंगची मासिकं तुम्ही कशासाठी चाळता? गुळगुळीत फोटो मला दोन मिनिटं पुरतात. मला हवा असतो मापाचा आराखडा. बाजूनं, समोरून, वरून.

मला प्लायवुडवर आमच्याकडच्या जुन्या रेल्वेचं मॉडेल उभं करायचंय. आमच्या औशाजवळून जाणाऱ्या कुर्डुवाडी-लातूर मार्गावर आज ब्रॉडगेज आहे. पूर्वी तिथं अडीच फुटी, म्हणजे रुळांमध्ये ७६२ मिलिमीटर अंतर असलेली, बार्शी लाइट रेल्वे होती. १८९७ ला सुरू झाली, १९११ ला लातूरला पोचली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरचा हट्ट असा, की इंजिन असो वा वाघीण, एका आसावर पाच टनांचाच भार. म्हणजे हलक्या रुळांवरही भरपूर माल जातो.

आता गंमत बघा. मॉडेलच्या एचओ स्केलचं प्रमाण १:८७. ७६२ ला ८७ नं भागा, ८.७६ मिलिमीटर येतात. आणि त्याहून लहान एन स्केलच्या रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर! तयार रूळ, तयार चाकं. वरचा सांगाडा तेवढा आपण करायचा. हे गणित करून दाखवणारं पान मला शंभर फोटोंपेक्षा प्यारं.

परदेशी मासिकांपैकी ‘मॉडेल रेलरोडर’ १९३४ पासून निघतंय, ‘रेल्वे मॉडेलर’ १९४९ पासून. पण त्यातली हिरवीगार कुरणं आमच्या काय कामाची? काळी माती, बाभळी, तुरीचं शेत कसं करायचं ते सांगा की! मी तर चाळलेली रानातली मातीच फेविकॉलवर भुरभुरतो.

मॉडेलं चालताना बघायची तर, पुण्यात कोथरूडला जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहिलंय का? नसेल तर पोरांना घेऊन जा.

बार्शी लाइटच्या डब्यांची मापं कुणाकडे आहेत का? कमेंटमध्ये टाका.