लहान ट्रॅक्टरला रोटाव्हेटर किती फुटी घ्यावा?



बैलजोडी ठेवणे परवडत नाही म्हणून पुष्कळांनी लहान ट्रॅक्टर घेतला. ट्रॅक्टर घरी आला की पुढची खरेदी रोटाव्हेटरची, आणि गफलत होते ती इथेच. "घ्यायचाच तर पाच फुटी घेऊ, फेऱ्या वाचतील," असे वाटते. पण ट्रॅक्टर २४ अश्वशक्तीचा आणि यंत्र ५ फुटी असेल, तर भारी काळ्या वावरात इंजिन दबते, धूर ओकते, पाती मंदावतात. माती ४ इंच हलायची ती वरवर खरवडली जाते. डिझेल जळाले, काम झाले नाही, हप्ता मात्र मोठ्या यंत्राचा! म्हणून दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात.

१. ताकद : नांगराला चाकांची ओढ लागते. रोटाव्हेटरला लागते मागच्या फिरत्या दांड्याची, म्हणजे पी.टी.ओ.ची ताकद. इंजिनची सगळी ताकद तिथे पोचत नाही. २० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला दांड्यावर साधारण १७ मिळते, असे धरून चालावे. आपल्या काळ्या मातीसाठी ढोबळ हिशेब असा :

१५ ते १८ अश्वशक्ती – पावणेतीन फूट
२० ते २२ अश्वशक्ती – ३ ते सव्वातीन फूट
२४ ते २८ अश्वशक्ती – साडेतीन, फार तर ४ फूट

वावर चिबडे, फार चिकण किंवा डोंगरपायथ्याचे दगडगोट्याचे असेल, तर यातला लहान आकडा धरा.

२. चाकांची रुंदी : मागच्या डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून उजव्या टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावा. यंत्र त्याहून दोन इंच रुंद असले की चाकोऱ्या बुजतात. टायर ३८ इंच भरले तर ४० इंची यंत्र बरोबर बसते. ताकद तेवढी नसेल तर अरुंद यंत्र घेऊन ते एका बाजूला सरकवून जोडावे. निदान एक चाकोरी तरी पुसली जाते.

३. उचल : ट्रॅक्टरच्या पुस्तकात हायड्रॉलिकची उचल किलोत दिलेली असते. यंत्राचे वजन तिच्या निम्म्याच्या आत असावे. खरेदीपूर्वी जोडून, पूर्ण उचलून पाहा. पुढची चाके हलकी झाली तर सुकाणू लागत नाही, आणि धुरा चढताना ट्रॅक्टर उलटण्याची भीती असते.

"लहान यंत्राने वेळ जाईल," अशी शंका येते. हिशेब करा. ४० इंची यंत्र ताशी अडीच किलोमीटरने चालवले, तर वळणे धरून एकराला दोन तास लागतात. पाच एकरांचे वावर दीड दिवसात होते. दबलेल्या इंजिनवर मोठे यंत्र याहून लवकर सुटत नाही.

चालवताना पी.टी.ओ. ५४० फेऱ्यांवर आणि गिअर खालचा ठेवावा. वाफसा आल्याशिवाय यंत्र घालू नये. ओल्या काळ्या मातीत पात्यांखाली कडक थर बसतो. वारंवार फिरवून मातीचे पीठही करू नये, पहिल्याच पावसात वर पापडी धरते आणि कोंब अडतो. पऱ्हाटी बारीक करायला रोटाव्हेटर चांगला, पण खोल नांगरटीची जागा तो घेत नाही. पात्यांत गवत अडकले तर आधी इंजिन बंद करा, मगच हात घाला. फिरत्या दांड्यावरचे झाकण काढू नका. धोतर, दुपट्टा आवरून बसा आणि लेकरांना यंत्रावर बसवू नका.

अनुदान हवे असल्यास महाडीबीटीवर अर्ज करावा. पूर्वसंमतीचे पत्र हाती येईपर्यंत यंत्र विकत घेऊ नये, नाही तर अनुदान हुकते. शंका असल्यास तालुका कृषी कार्यालयात या, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातही विचारता येते. येताना ट्रॅक्टरचे पुस्तक आणि टायरचे माप बरोबर आणा. शेजाऱ्याने किती फुटी घेतला, हे माप मात्र घरीच ठेवून या.