मागच्या रांगेतले चेहरे
सातारा जिल्ह्यातील मेणवलीच्या घाटावर सहलीतली मुले तीन रांगांत बसवून आम्ही छायाचित्र घेतले. ३५ मि.मी. फिल्म, ५० मि.मी.चे भिंग, छिद्र एफ/२, फोकस ४ मीटरवरच्या पहिल्या रांगेवर. स्पष्टता मिळाली ती साधारण ४.४ मीटरपर्यंतच, ५ मीटरवरची मागची रांग, म्हणजे नेमकी लाजरी मुले, पुसट!

फोकस मधल्या रांगेवर घेऊन छिद्र एफ/८ केले असते तर तिन्ही रांगा साधल्या असत्या. छिद्र लहान झाले की किरणांचा शंकू निमुळता होतो, फोकसबाहेरचा बिंदू फारसा पसरत नाही. मात्र प्रकाशाचा सोळावा हिस्साच उरतो. शटर १/१००० ऐवजी १/६० सेकंद उघडे ठेवावे लागते, तेवढा वेळ मुलांनी हलायचे नाही.

सांगलीत हळदीच्या अंधाऱ्या गोदामात हे जमत नाही. तिथे एकट्या हमालाचे छायाचित्र घेताना आम्ही एफ/२ च ठेवतो आणि फोकस जवळच्या डोळ्यावर साधतो. २ मीटरवर स्पष्ट पट्टा जेमतेम २० सें.मी.चा असतो.